शेजारच्या घोडीसाठी श्रावणातली टिपणं

नागपंचमी

सकाळभर भुरभुर होती, दुपारी उघडीप पडली आणि कुडापलीकडची घोडी पहिल्यांदा नीट उजेडात दिसली. घोड्याची खरी तब्येत भिजल्यावर कळते. एरवी राठ, उभे राहिलेले केस हाडं झाकून टाकतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, बरी आहे की. आज केस अंगाला चिकटले होते. बरगड्या लांबून मोजता येत होत्या, कंबरेची हाडं खुंटीसारखी वर आलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे. पोट मात्र मोठं. त्या पोटावर कुणी फसू नये. निकस चारा, जंत आणि सैल पडलेले स्नायू यांमुळेच ते तसं लोंबतं.

घोड्याचा बांधा मापायला १ ते ९ अशी पट्टी आहे. डॉन हेनेके यांनी ती १९८३ साली टेक्सासमध्ये मांडली, आता बऱ्याच ठिकाणी तीच वापरतात. मान, मानेमागचा पाठीचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी नजर टाकायची आणि हात फिरवायचा. बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, ते ५. ही घोडी २ वर आहे. १ वर पोचलेलं जनावर बहुधा बसतं, आणि बसलेलं उठवणं फार कठीण.

पण हाडं दिसली म्हणजे मालक उपाशी ठेवतो, असं लगेच धरायचं नाही. दात बिघडले तरी घोडं असंच वाळतं. दाढांच्या कडांना धार येते, गाल सोलतात, मग ते चारा चघळून अर्धवट चावलेले गोळे खाली टाकतं. असे गोळे दावणीखाली शोधायचे. लिदीत लांबच लांब काड्या निघाल्या तरी अर्थ तोच. जंतांनी वाळतं. आणि सर्रा झाला तरीही: चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा हा रक्तातला रोग आहे, ताप येतो-जातो, पोटाखाली व पायांना सूज येते, खाऊनही जनावर झिजत जातं. पावसाळ्यात माश्या वाढल्या की हा संशय आधी घ्यावा.

एक गोष्ट मात्र जवळ जाण्याआधीच पाहायची. नाकातून चिकट पिवळा-हिरवट स्राव, नाकपुडीत व्रण, पायाच्या आतल्या बाजूने माळेसारख्या गाठी, असं काही असेल तर हात लावायचा नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो कळवणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या तपासणीची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. इथे नाक कोरडं आहे, गाठी नाहीत.

आजची नोंद: मागच्या डाव्या पायाला नायलॉनचा दोर, खुराच्या वर कातडीत रुतलेला. पाण्याच्या बादलीत शेवाळ. दावणीत कपाशीचं तण आणि काळा पडलेला कडबा. फोटो आपल्या कुडाच्या आतून काढले: दोन्ही बाजू, मागून, चारही खूर, बादली, दावण. दर चार दिवसांनी याच जागेवरून, याच वेळी काढायचे. पुढे कधी कुणाला दाखवायची वेळ आली, तर एका करुण फोटोपेक्षा तारखांची ओळ जास्त बोलते.

कानबाईचा रविवार

आज बोलायचं नाही. घोडीचे मालक नाना यांच्याकडे कानबाई देवीच्या सणाला भाऊबंद जमलेत, नैवेद्याच्या रोटांचा घाट आहे. चार नातेवाइकांसमोर घोडीचा विषय काढला तर माणूस घोडीचं न बघता अब्रूचं बघेल आणि तोंडातून निघालेला 'नाही' नंतर परत घेणार नाही. उद्या विसर्जन झालं, घर रिकामं झालं, की संध्याकाळी ओट्यावर.

काय बोलायचं ते आज ठरवून ठेवलेलं बरं. "नाना, तुम्ही तिला खायला का घालत नाही?" हा प्रश्न नाही, आरोप आहे. त्यापेक्षा विचारायचं, ती सकाळी काय खाते, लीद घट्ट आहे का पातळ, नाल शेवटचे कधी बसवले. जबाबदारी कुठे तुटली, ते या उत्तरांतून कळतं. नानांच्या घरची गोष्ट गावाला ठाऊक आहे. घोडी पोराने सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणली, नवरदेवाची घोडी म्हणून दोन हंगाम फिरवली, मग पोरगा सुरतला कामाला गेला. घोडी राहिली म्हाताऱ्याच्या गळ्यात. बैल जन्मभर सांभाळलेल्या माणसाला घोडं कळतंच असं नाही. बैल सकाळ-संध्याकाळ भरपेट खाऊन रवंथ करतो. घोड्याचं पोट लहान, रवंथ नाही, ते दिवसभर थोडं थोडं खात राहणारं जनावर. बैलाच्या हिशोबाने दोन वेळा पेंढी टाकली तरी घोडं उपाशीच राहतं, आणि टाकणाऱ्याला मात्र खरंच वाटतं की आपण खायला घातलं.

सोमवार, रात्री

"लगीनसराई सरनी," नाना म्हणाले. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घोडीला एक रुपयाची कमाई नाही, आणि कडबा विकत घ्यायचा.

अशा वेळी दयेची भाषा कामाची नाही, हिशोबाची आहे. वाळलेलं घोडं नीट चाऱ्यावर परत अंगावर यायला तीन ते पाच महिने लागतात. आज सुरुवात केली तर दत्तजयंतीला, म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत, चार महिने हातात आहेत. तेव्हा विकायची असेल तर धष्टपुष्ट घोडीला घोडं जाणणारा गिऱ्हाईक मिळेल. आज विकली तर ओझ्यावालाच घेईल, आणि तिथे ती टिकणार नाही. नानांनी हे ऐकून घेतलं. दोन गोष्टी लगेच मान्य केल्या: उद्या डॉक्टर बोलवायचा आणि नायलॉनचा दोर काढायचा. एका बैठकीत याहून जास्त मागू नये.

घोडी आपणच विकत घ्यावी का, हा विचार मनात येतोच. जागा, चारा, नालबंद आणि पुढची पंधरा वर्षं यांची सोय असेल तरच घ्यावी. घेतलीच तर किंमत, घोडीच्या खुणा, तारीख हे कागदावर आणि दोन पंचांच्या सह्या. रात्रीतून दोर कापून सोडणं हा मार्गच नाही. सुटलेलं जनावर पिकात शिरतं, कोंडवाड्यात जातं नाहीतर महामार्गावर मरतं, आणि वर चोरीची तक्रार होते.

श्रावण शुद्ध नवमी

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले. गाव लांब असेल तर १९६२ हा क्रमांक लावायचा, फिरतं पथक येतं. ताप ३८.१ अंश, म्हणजे ठीक, ३७.५ ते ३८.५ ही घोड्याची नेहमीची उष्णता. नाडी ४८. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने धमनीवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजायची आणि चौपट करायची. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते, लहान चणीच्या तट्टाची वरच्या कडेला. थोडी जास्त आहे. हिरडी दाबून सोडली तर रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, इथे तीन लागले. पाणी कमी पडतंय.

रक्त सर्रा आणि ग्लँडर्ससाठी घेतलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पायाला दोराची जखम असलेल्या घोड्यात ही पहिली गोष्ट, कारण धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो आणि झाला की बहुधा नेतोच. जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतली, लिटरला ९ ग्रॅम मीठ. नंतर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. हळद-तेलाचा लेप किंवा इंजिनचं काळं ऑइल लावायचं नाही. खाली पू कोंडतो. आता दोर सुती, रुंद पट्ट्यात गुंफलेला, आणि पायाला नाही, गळ्याला.

वजन काट्याशिवाय काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर: १२० सेंमी. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी: १२२ सेंमी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर १४८ किलो. या उंचीच्या तट्टाला दोनशेच्या आसपास वजन शोभलं असतं.

दशमी, चाऱ्याचा पहिला दिवस

हे पान सविस्तर लिहायला हवं, कारण उपाशी घोडी कित्येकदा दगावते ती प्रेमाने खायला घातल्यामुळे.

महिनोन्महिने उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून जगतं. शरीरातला फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचा साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी ज्वारी, मका, गूळ, भाकरी, म्हणजे पिष्ट आणि साखर, पोटात गेली की इन्शुलीन एकदम उसळतं आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढून नेतं. मग हृदय, श्वास, मज्जातंतू कोलमडतात. हे पहिल्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतं. घरात सगळे म्हणतात, चांगली खायला लागली होती हो, अचानक कशी गेली.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात यावर काम झालं. उपाशी घोड्यांना ओट, ओट-गवत आणि लसूणघास देऊन पाहिलं, तेव्हा वाळवलेला लसूणघास सर्वांत बरा ठरला. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं बरी आणि फॉस्फरस, मॅग्नेशियम जास्त. आपल्याकडे शेळ्यांसाठी विहिरीजवळ लसूणघासाचे वाफे असतात, म्हणजे औषध गावातच आहे.

डेव्हिसचं माप ४५० किलोच्या घोड्याला दर ४ तासांनी सुमारे ४५० ग्रॅम वाळलेला लसूणघास असं आहे. आपली घोडी १४८ किलोची, म्हणजे तिसरा हिस्सा: दर ४ तासांनी १५० ग्रॅम, दिवसाचे ६ घास, एकूण ९०० ग्रॅम. पहिले तीन दिवस एवढंच. वाळलेला मिळाला नाही तर ओला चौपट ते पाचपट वजनाने, पण कापून एक दिवस सावलीत सुकवून. मध्यरात्रीचा आणि पहाटेचा घास चुकवायचा नाही, आणि चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पटही टाकायचा नाही. ती मान लांब करून बघते, खुराने जमीन उकरते, नानांच्या घरातल्या वहिनींना ते बघवत नाही. तरीही १५० ग्रॅमच. वहिनींना तराजू हातात दिला, तेव्हा काम सोपं झालं. स्वतः तोलून देताना, कमी का, ते हाताला पटतं.

चौथ्या दिवसापासून माप हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवशी दिवसाला सुमारे २ किलो, तीन वेळांत. दहा दिवसांनी दोन-तीन वेळा पोटभर, आणि त्यात दादर ज्वारीचा चांगला, वासाला गोड कडबा मिसळायला सुरुवात. हरभऱ्याची चंदी, तेल, पेंड यांतलं काहीही त्याआधी नाही.

पाणी मात्र कायम समोर. बादली रोज घासून. श्रावणातल्या हवेत या वजनाच्या घोडीला १० ते १५ लिटर लागतं, चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत त्याच्या दुप्पट धरायचं. शेवाळाचं पाणी घोडं नाइलाजाने, कमी पितं; मग आतड्यात चारा सुकून अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं आतूनच पुढे जायला हवं.

त्रयोदशी

चौथा दिवस. आज चार वेळा नाडी घेतली: ४८, ४६, ४६, ४४. पाय थरथरत नाहीत, लघवी लालसर नाही, श्वास शांत. काहीच विशेष घडलं नाही असा दिवस, आणि तसाच हवा होता. बरगडीमागे दोन्ही कुशींना कान लावला, गुडगुड दोन्हीकडे आहे. ती थांबली असती, किंवा घोडी सारखी मागे वळून पोटाकडे बघायला, लोळायला लागली असती, तर चारा बंद आणि डॉक्टर ताबडतोब.

नारळी पौर्णिमा

रक्ताचा निकाल आला, सर्रा नाही, ग्लँडर्स नाही. म्हणजे मुळात भूकच होती. वाईटही वाटतं आणि हायसंही, कारण भुकेला उपाय आहे.

नालबंद आला. खूर महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी तासायचा असतो. इथे चार-पाच महिने कुणी हात लावलेला नाही. खूर पुढे वाढून मोजडीच्या टोकासारखे वर वळलेत, टाच चेपली आहे, सगळा भार पायामागच्या कंडरांवर. एकाच बैठकीत सारं कापून सरळ करायचा मोह नालबंदालाही होतो. तसं करायचं नाही. कंडरा आणि सांधे त्या वाकड्या कोनाला सरावलेले असतात, एकदम बदललं की घोडी दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. आज थोडं, तीन आठवड्यांनी थोडं, असं तीनदा. नाल सध्या नको.

खुराच्या तळाचा मऊ त्रिकोण काळा पडलाय, वास मारतोय. काळ्या जमिनीचा चिखल आणि लीद यांत महिनाभर उभं राहिल्यावर हे होणारच. रोज खूर उकरून साफ करायचा, कोरडा पुसून आयोडीन. त्याहून महत्त्वाचं, उभं राहायची जागा बदलायची. कडुनिंबाखाली मुरमाचा उंचवटा करून दिला, दोन ट्रॉली मुरूम लागला. वर पत्रा टाकायचा विचार होता. पण हवा खेळायला चारही बाजू मोकळ्या आणि पत्रा निदान आठ-नऊ फूट उंच ठेवला नाही तर उन्हाळ्यात त्याखाली घोडं भाजतं.

जंताचं औषध अजून नाही. अशक्त घोड्याच्या पोटात हजारो जंत एकदम मेले तरी शूळ उठतो. डॉक्टर सांगतील त्या आठवड्यात, वजनाच्या मापाने.

गोचीड आहेत, आणि इथे एक मोठी चूक गावोगाव होते. बैल-म्हशींवर मारायचं अमिट्राझचं औषध घोड्यावर मारायचं नाही. त्याने घोड्याची आतडी थंडावतात आणि चारा अडकतो. तसंच मोनेन्सिन हे औषध घातलेलं पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य: गाईला, कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याच्या अगदी थोड्या प्रमाणाने बंद पडतं. पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय उरलेलं ढेप-खाद्य घोडीपुढे ओतू नये. बुरशी लागलेला मका तर मुळीच नाही. त्याने घोड्याचा मेंदू सडतो, त्याला औषध नाही. आणि केळीचे खांब: रावेर-यावल पट्ट्यात फुकट मिळतात म्हणून टाकतात, पण त्यात जवळजवळ सगळं पाणीच. पोट भरल्यासारखं दिसतं, अंगी काही लागत नाही.

गोकुळाष्टमी

उद्याच्या मिरवणुकीला पांढरी घोडी हवी म्हणून दोन पोरं इसार घेऊन नानांकडे आली. पैसे समोर ठेवले. नानांची नजर त्या नोटांवर गेली, आणि त्यात त्यांची चूक नाही.

घोड्याने पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं वाहू नये, असा जाणत्यांचा हिशोब आहे. दीडशे किलोची घोडी, म्हणजे खोगिरासकट ३० किलो. म्हणजे एक लहान मूल. ढोल-डीजेत, डांबरावर, चार तास, दुखऱ्या खुरांनी. नानांना एवढंच सांगितलं आणि पोरांसमोर सांगितलं नाही. त्यांनी इसार परत केला.

त्यांनी तो घेतला असता तर? म्हणून कायद्याचं इथे लिहून ठेवते. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे जनावर ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर त्याच्या सुखरूपतेची जबाबदारी. कलम ११ मध्ये पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणं, रोगी किंवा जखमी जनावर कामाला लावणं, अवाजवी आखूड दोराने बांधून ठेवणं हे सगळे गुन्हे आहेत. ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम आणखी नेमके आहेत: तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं नाही, दिवसाला ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. खानदेशातल्या उन्हाळी लग्नाच्या वराती कधीकधी याच वेळेत निघतात.

दंड वाचून मात्र मन खट्टू होतं. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय चारा-पाणी न दिल्याचा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. म्हणून ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नये. लेखी अर्ज, सोबत तारखांचे फोटो, पशुवैद्यकाचा दाखला, आणि पोच. एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला. जनावर मारलं, विष घातलं, पाय मोडला, असं काही असेल तर गोष्ट वेगळी: भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

तक्रार केव्हा करायची? बोलूनही मालक चारा घालू देत नसेल, किंवा घोडी १ कडे घसरत असेल, किंवा आडवी पडली असेल, तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही. घोडं आडवं पडलं असेल तर छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावायची आणि दर दोन ते चार तासांनी कूस बदलायची. मालक ऐकतोय, पण हातात पैसे नाहीत, अशा ठिकाणी पोलीस आणले तर मात्र घोडी रातोरात कुठेतरी विकली जाते आणि मग ती कुणालाच सापडत नाही.

पोळा

आज गावातले सगळे बैल रंगले. नैवेद्याच्या पुरणपोळीचं ताट फिरलं, आणि पोरं प्रेमाने घोडीकडेही धावली. त्यांना कुडाशीच थांबवलं. गूळ आणि पुरण जास्त पोटात गेलं तर अजूनही तिच्या खुरांत दाह होऊ शकतो. तट्टांना तो फार लवकर होतो. झाला तर घोडं मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय लांब करून उभं राहतं, खूर गरम लागतो. पोरांना त्याऐवजी मूठ-मूठ लसूणघास दिला, तळहात सपाट धरून कसा द्यायचा ते दाखवलं. नानांनी तिच्या कपाळाला गेरू लावला आणि खरारा केला. केस अजून गळतायत, पण खालचे नवे मऊ आहेत.

घेर १२२ सेंमी. लांबी तीच. १५३ किलो. वाढलेल्या पाचांतलं बरंचसं पोटातलं पाणी आणि चारा असणार, मांस अजून नाही. नाडी ४०. जखमेवर खपली. नालबंद पुन्हा याच आठवड्यात. उद्यापासून लसूणघासात एक किलो दादरचा कडबा, कुट्टी करून.